डॉक्टर, चालायचं कुठं?



मधुमेह असो, रक्तदाब असो, कोलेस्टेरॉल असो की नुसतंच वाढलेलं वजन, माझ्या प्रिस्क्रिप्शनच्या तळाशी एक ओळ हमखास असते: 'रोज ३० मिनिटं भरभर चालणे, आठवड्यातून किमान ५ दिवस.' या औषधाला पैसे लागत नाहीत. ते साखर कमी करतं, रक्तदाब उतरवतं, झोप सुधारतं, मन हलकं करतं. आणि हेच औषध लिहून देताना मला पेशंटकडून सगळ्यांत जास्त वेळा ऐकावा लागणारा प्रश्न आहे, "डॉक्टर, चालायचं कुठं?"

भांडुपच्या टेकडीवरून येणाऱ्या एक मालवणी आजी आहेत. त्यांनी तर मला सरळच विचारलं, "डॉक्टरानू, चलूचा म्हणतास, पण चलूचा खंय ता सांगा!" पुष्कळांना हा प्रश्न म्हणजे व्यायाम टाळण्याचा बहाणा वाटतो. मला तसं वाटत नाही. माझा दवाखाना लाल बहादूर शास्त्री मार्गापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि मी रोज त्या रस्त्यावरून येतो-जातो. म्हणून आज गोळ्या-इंजेक्शनांचा विषय बाजूला ठेवून पायी चालणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेबद्दल बोलू या. हा विषय वाहतूक पोलिसांचा आहे तितकाच डॉक्टरांचाही आहे.

एक रस्ता, अनेक वस्त्या

मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी थोडी ओळख. शीवपासून निघून कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, कांजुरमार्ग, भांडुप, मुलुंड असा हा रस्ता ठाण्याकडे जातो. जुनी माणसं आजही त्याला आग्रा रोडच म्हणतात, कारण मुंबईहून आग्र्याकडे जाणारा जुना रस्ता तो हाच. मध्य रेल्वे एका बाजूला, टेकड्यांवरच्या वस्त्या दुसऱ्या बाजूला आणि मध्ये हा रस्ता. म्हणजे टेकडीवर राहणाऱ्या माणसाला स्टेशन गाठायचं असेल तर हा रस्ता ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा.

रस्ता एकच, पण त्यावर चालणारी माणसं किती तऱ्हेची! कुर्ल्याला जुन्या मुस्लिम मोहल्ल्यांतली, ईस्ट इंडियन ख्रिस्ती गावठाणातली, उत्तर भारतातून आलेली कामगार मंडळी. घाटकोपरला देरासरात पायी जाणारी गुजराती-जैन कुटुंबं. विक्रोळी पार्कसाइट आणि भांडुपला कोकणातून आलेल्या चाकरमान्यांच्या तीन-तीन पिढ्या. मुलुंडला कच्छी, मराठी, दाक्षिणात्य शेजारी शेजारी. कुणी पहाटे नमाजाला निघतं, कुणी देवदर्शनाला, कुणी पाण्याचा हंडा घेऊन, कुणी मुलाचं दप्तर आपल्या खांद्यावर घेऊन. त्यांच्या भाषा वेगळ्या, जेवण वेगळं, आजारसुद्धा थोडेफार वेगळे. पण रस्ता ओलांडताना सगळ्यांचा हात सारखाच वर होतो: तळवा गाडीकडे करून, 'थांब रे बाबा' म्हणत. ब्रेकवर भरवसा नाही, सिग्नलवर भरवसा नाही, भरवसा फक्त त्या हातावर!

त्यात मेट्रो ४ च्या कामामुळे गेली काही वर्षं रस्त्याच्या मधोमध पत्रे उभे राहिले, मग खांब आले. मेट्रो हवीच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण खांबाच्या आडून रस्त्यात उतरणारा माणूस चालकाला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही, आणि त्या माणसालाही गाडी दिसत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. पदपथ म्हणाल तर कुठे आहे, कुठे नाही. जिथे आहे तिथे कधी दुकानाचा माल, कधी उभ्या केलेल्या दुचाकी, कधी उघडं गटार, कधी विजेचा डबा. मग माणूस नाइलाजाने खाली उतरतो आणि गाड्यांच्या बरोबरीने चालू लागतो.

आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं दगावली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाला भागून बघा: रोज जवळजवळ ९० माणसं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण रस्ते अपघात हेच आहे. डेंग्यूने एखाद्या वस्तीत चार माणसं गेली की आपण घाबरतो, धूरफवारणीची मागणी करतो. चार माणसं एकाच चौकात वर्षभरात गाडीखाली गेली तर मात्र 'नशीब' म्हणून पुढे जातो.

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेला गर्दीच्या रस्त्यावर एक बस माणसांत आणि गाड्यांत घुसली. त्या बातमीने सगळं शहर हादरलं. पण एकेकटा माणूस एकेकट्या गाडीखाली येतो तेव्हा बातमी होत नाही. तो थेट रुग्णालयात येतो, आणि तिथून बरा झाला तर पुढच्या तपासण्यांसाठी माझ्यासारख्या डॉक्टरकडे.

वेगाचं साधं गणित

पेशंटला मी हे नेहमी असं समजावतो. ताशी ३० किलोमीटर वेगाच्या गाडीची धडक ही साधारण साडेतीन मीटरवरून, म्हणजे पहिल्या मजल्यावरून पडण्याइतकी असते. ताशी ५० ची धडक म्हणजे जवळजवळ १० मीटर, तिसऱ्या मजल्यावरून पडणं. ताशी ६० म्हणजे १४ मीटर, चौथ्या मजल्याच्याही वरून. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, म्हणून हा फरक.

आता थांबण्याचं बघा. समोर कुणी आलं हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडायला चांगल्या चालकालाही सुमारे एक सेकंद लागतो. ताशी ५० वेगाने तेवढ्यात गाडी १४ मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावरही आणखी तेवढंच अंतर कापते. म्हणजे एकूण २८ मीटर. तीच गाडी ताशी ३० ने येत असेल तर १३-१४ मीटरमध्ये उभी राहते. तुम्ही १५ मीटरवर असाल, तर एका गाडीचा नुसता हॉर्न ऐकाल आणि दुसरीखाली याल. पावसात, गुळगुळीत टायर असतील तेव्हा किंवा चालकाच्या हातात मोबाइल असेल तेव्हा हे अंतर किती वाढेल, तुम्हीच विचार करा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे सरासरी वेग फक्त १ टक्क्याने वाढला तरी जीवघेण्या अपघातांचा धोका ४ टक्क्यांनी वाढतो. आणि वेग ५० वरून ६५ वर गेला की कारच्या धडकेने पादचाऱ्याचा जीव जाण्याचा धोका साडेचार पट होतो. रात्री अकरानंतर रस्ता मोकळा झाला की गाड्या कशा सुटतात ते या रस्त्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको.

धडक बसते तेव्हा शरीरात काय होतं?

मोठ्या माणसाला कारचा बंपर आधी गुडघ्याखाली लागतो, पायाचं हाड मोडतं. मग शरीर बॉनेटवर आपटतं: बरगड्या, फुप्फुसं, प्लीहा, यकृत. शेवटी डोकं काचेवर किंवा जमिनीवर. लहान मुलाची उंची कमी, म्हणून बंपर थेट मांडीला आणि बॉनेटची कड छाती-पोटाला लागते. बाहेरून खरचटलेलं दिसत नाही म्हणून पोटात काही झालं नाही असं समजू नका. पोटातला रक्तस्राव बाहेरून दिसत नाही. पेशंट फिकट पडतो, घाम येतो, नाडी जलद होते.

डोक्याच्या माराबद्दल विशेष सांगतो, कारण इथे 'काही नाही झालं, बरा आहे' हे वाक्य फसवं असतं. कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठू लागलं तर पेशंट सुरुवातीला शुद्धीवर असतो, बोलतो, चहासुद्धा मागतो, आणि काही तासांत गुंगीत जातो. वयस्कर माणसांत तर हे आठवड्यांनी होतं. माझ्या एका ६८ वर्षांच्या पेशंटला हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. चुकीच्या दिशेने आलेल्या एका स्कूटरने त्यांना पाडलं. कोपर खरचटलं, डोक्याला टेंगूळ आलं, घरी गेले. तीन आठवड्यांनी सूनबाई त्यांना घेऊन आल्या: "बाबा हल्ली विसरतात, चालताना एका बाजूला झुकतात." घरच्यांना वाटलं वय झालं. सीटी स्कॅनमध्ये मेंदूवर साठलेलं रक्त दिसलं. कवटीला छोटं छिद्र पाडून ते काढलं आणि आठवड्याभरात बाबा पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागले. म्हणून लक्षात ठेवा: रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला, मग तो कितीही किरकोळ वाटो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मात्र गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

कोणाला जास्त जपायला हवं?

*ज्येष्ठ नागरिक.* सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरण्याची पद्धत आहे. सत्तरीच्या कितीतरी माणसांचा वेग ०.८ मीटरच्या आसपास असतो. समजा हिरवा माणूस २० सेकंद दिसतो. तरुण तेवढ्यात २४ मीटर जातो. आजोबा १६ मीटरवर असतात आणि त्यांच्यापुढे दोन मार्गिका अजून बाकी असतात! दिवा लाल होतो, दुचाक्या सुटतात, आजोबा रस्त्याच्या मधोमध.

तुमचा वेग तुम्ही घरीच मोजू शकता. इमारतीच्या आवारात १० मीटर अंतर खडूने आखा आणि नेहमीच्या चालीने चाला. ८-९ सेकंद लागले तर उत्तम. १२ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना जरूर सांगा. चाल मंदावणं हे पायांचे स्नायू अशक्त होत असल्याचं लक्षण असू शकतं; प्रथिनं, योग्य व्यायाम आणि गुडघ्यांवर उपचार यांनी त्यात सुधारणा होते. तोवर रस्ता ओलांडताना हिरवा दिवा आधीपासून लागलेला असेल तर घाई करू नका, पुढचा हिरवा येऊ द्या.

*डोळे आणि कान.* मोतीबिंदूमुळे रात्री समोरच्या दिव्यांची तिरीप येते आणि गाडी किती लांब आहे ते कळत नाही. काचबिंदूत बाजूचं दिसणं कमी होतं. समोरचं स्वच्छ दिसतं म्हणून माणसाला शंकाही येत नाही, आणि गाड्या तर बाजूनेच येतात! कमी ऐकू येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की विजेवर चालणाऱ्या गाड्या जवळजवळ आवाज न करता येतात. वर्षातून एकदा डोळे तपासा.

*मधुमेही.* तळपायाला संवेदना कमी असेल तर खड्डा आणि पायरी कळत नाही. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन उपाशीपोटी चालायला गेलात आणि साखर खाली आली, तर चक्कर येण्याआधी निर्णय चुकू लागतो. खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज असू द्या.

*काही औषधं.* सर्दीच्या कित्येक गोळ्यांनी गुंगी येते. झोपेच्या गोळ्यांचा अंमल सकाळपर्यंत राहू शकतो. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी बसल्याचं उठताना अंधारी येते. बाकड्यावरून उठलात की लगेच रस्त्यात उतरू नका, एक मिनिट उभे राहा.

*मुलं.* लहान मुलाला गाडी दिसते, पण ती किती वेगाने येते आहे याचा अंदाज त्याच्या मेंदूला अजून नीट करता येत नाही. साधारण दहा वर्षांपर्यंत मोठा रस्ता मुलाने एकट्याने ओलांडू नये. हात धरताना बोट नव्हे, मनगट धरा, आणि मुलाला गाड्यांच्या विरुद्ध बाजूला ठेवा.

जो अपघात होत नाही, त्याचीही किंमत असते

आता जी गोष्ट कुठल्याच पोलीस ठाण्यात नोंदली जात नाही ती सांगतो. माझ्या एका पंचावन्न वर्षांच्या पेशंट ताईंची साखर तीन वर्षं छान काबूत होती. रोज सकाळी मैत्रिणींबरोबर चालायच्या. त्यांच्या गल्लीबाहेरचा पदपथ खोदला गेला, रस्त्यावरून चालताना एकदा रिक्षाचा आरसा खांद्याला लागला, आणि त्यांनी चालणं सोडलं. सहा महिन्यांनी त्यांचं एचबीए१सी ६.९ वरून ८.४ वर गेलं होतं. वजन ४ किलोने वाढलं होतं. गोळी वाढवावी लागली. त्यांचा अपघात झाला नाही, पण रस्त्याने त्यांचं नुकसान केलंच.

अशा कित्येक आज्या आहेत ज्या पडण्याच्या भीतीने घराबाहेर निघत नाहीत. घरात बसून स्नायू अशक्त होतात, ऊन न मिळाल्याने ड जीवनसत्त्व कमी होतं, एकटेपणा वाढतो, आणि मग एक दिवस त्या घरातच पडतात. म्हणून मी चालायला सांगतो तेव्हा 'कुठे चालणार?' हेही विचारतो. मैदान आहे का? सोसायटीचं आवार आहे का? गच्ची उघडी असते का? सकाळी लवकर शांत राहणारी आतली गल्ली आहे का? काहीच नसेल तर घरातल्या घरात १०-१० मिनिटं तीन वेळा चाला, खुर्चीवरून उठणं-बसणं १०-१५ वेळा करा. मोठ्या रस्त्याच्या कडेने धूर खात, जीव मुठीत धरून चालण्यापेक्षा ते बरं.

चालणाऱ्यांसाठी काही सूचना

१. थोडं लांब पडलं तरी सिग्नल किंवा झेब्रा क्रॉसिंगवरूनच ओलांडा. दुभाजकाच्या फटीतून घुसू नका.

२. रस्ता एकेरी असला तरी दोन्हीकडे बघा. चुकीच्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या आपल्याकडे नियमासारख्या असतात!

३. उभ्या बसच्या समोरून कधीही ओलांडू नका. बस जाऊ द्या. बस, डंपर, पाण्याचा टँकर यांच्या अगदी पुढचं आणि डाव्या बाजूचं चालकाला दिसत नाही. तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्याला तुम्ही दिसत नाही असं समजा.

४. मागे घेतल्या जाणाऱ्या गाडीच्या पाठीमागून जाऊ नका.

५. एका मार्गिकेतली गाडी तुमच्यासाठी थांबली म्हणजे पलीकडची थांबेलच असं नाही. प्रत्येक मार्गिकेपाशी क्षणभर थांबून डोकावा.

६. पदपथ नसेल तर उजव्या बाजूने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला.

७. पहाटे आणि रात्री फिकट रंगाचे कपडे घाला. काळी छत्री, काळा रेनकोट पावसाळी संध्याकाळी चालकाला दिसतच नाही. काठीला किंवा पिशवीला प्रकाश परावर्तित करणारी पट्टी लावा.

८. ओलांडताना फोन खिशात, इयरफोन कानाबाहेर. तेवढ्या अर्ध्या मिनिटात काही बिघडत नाही.

आणि गाडी चालवणाऱ्यांना एकच सांगणं. झेब्रा क्रॉसिंगवर पादचाऱ्याला आधी जाऊ देणं हा उपकार नाही, नियम आहे. आजी सावकाश ओलांडत असतील तर हॉर्न वाजवू नका. हॉर्नने त्या दचकतात, मागे फिरतात किंवा धावायला जातात, आणि दोन्हींत पडतात.

अपघात डोळ्यांसमोर झाला तर

● आधी १०८ ला फोन करा. ११२ सुद्धा चालेल. जागा सांगताना जवळचा सिग्नल, मेट्रोच्या खांबाचा क्रमांक, पेट्रोल पंप सांगा.

● मागून येणाऱ्या गाड्या कुणालातरी थांबवायला सांगा.

● जखमीला चौघांनी हातपाय धरून उचलून रिक्षात कोंबू नका. मानेला मार लागलेला असू शकतो. आग, पाणी किंवा गाड्यांचा धोका नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत डोकं-मान स्थिर धरून ठेवा.

● रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. पुन्हा पुन्हा उचलून बघू नका.

● पाणी, चहा काहीही पाजू नका. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत ते जाऊ शकतं, आणि शस्त्रक्रिया लागली तर अडचण होते.

● श्वास थांबला असेल आणि तुम्हाला येत असेल तर छातीवर दाब देणं सुरू करा.

'पोलिसांच्या लफड्यात कोण पडणार?' ही भीती आता सोडून द्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आणि त्यानंतर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. मदत केल्याबद्दल तुमच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही आणि नाव सांगण्याची सक्ती नाही. तसंच मे २०२५ पासून केंद्र सरकारची एक योजना लागू आहे: रस्ते अपघातातल्या जखमीला नियुक्त रुग्णालयांत अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. रुग्णालयात हे विचारा, कारण पुष्कळ नातेवाइकांना ते ठाऊक नसतं. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाच्या बाबतीत मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपयांची भरपाई आहे. त्यासाठी पोलिसांत नोंद झालेली असणं महत्त्वाचं.

घरी परतलेल्या जखमीवर निदान २४ तास लक्ष ठेवा. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं, फिट, हातापायात अशक्तपणा, दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव किंवा रक्त येणं, पोट दुखून फुगणं, लघवीत रक्त, यांपैकी काहीही दिसलं तर थेट मोठ्या रुग्णालयात जा.

आणि रस्त्याचा उपचार?

चालणाऱ्याने किती काळजी घ्यायची याला मर्यादा आहे. मलेरियात आपण फक्त पेशंटला गोळी देऊन थांबत नाही, साचलेलं पाणीही काढतो. इथेही तसंच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको असं सांगितलं आहे. उंची महत्त्वाची का? कारण गुडघे दुखणारा माणूस फूटभर उंच पदपथावर चढत नाही, तो खालूनच चालतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की अडथळेमुक्त, दिव्यांगांनाही वापरता येईल असा पदपथ हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

पादचारी पूल बांधले की काम झालं असं मानलं जातं. चाळीस पायऱ्या चढून चाळीस उतरणं हे संधिवात, दमा, हृदयरोग असलेल्या माणसाला जमत नाही, हे मी डॉक्टर म्हणून खात्रीने सांगतो. त्याला जमिनीवरूनच ओलांडायची सोय हवी: मध्ये थांबायला सुरक्षित जागा, पुरेसा वेळ देणारा सिग्नल, पांढरे पट्टे आणि गाडीचा वेग कमी करणारी रचना. होऊ शकतं का? पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद केले, तिथे आज माणसं रमतगमत चालतात. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद करून पादचारी दिन साजरा होतो. एका दिवसाने सगळं बदलत नाही, पण रस्ता माणसांचाही असतो हे मुलांना त्या दिवशी दिसतं.

तुम्ही काय करू शकता? तुमच्या वाटेवरची एकच धोक्याची जागा निवडा: तुटलेलं झाकण, पुसलेले पट्टे, बंद दिवा, अपुरी वेळ. फोटो काढा, तारीख घाला, सिग्नलवर हिरवा माणूस किती सेकंद असतो ते मोजा, आणि महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला लेखी द्या, पोच घ्या. मशिदीची कमिटी, गणेशोत्सव मंडळ, देरासरचा संघ, चर्चचं मंडळ, शाळेचे पालक यांनी मिळून एकाच अर्जावर सह्या केल्या तर वजन येतं. माझ्या दवाखान्याच्या बाकावर ही सगळी माणसं रोज शेजारी शेजारी बसतात आणि एकमेकांना आपापली साखर विचारतात. एका अर्जावरही ती नक्की शेजारी येतील.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी 'चाला' म्हटलं की जरूर विचारा, कुठे चालू? आणि तोच प्रश्न तुमच्या नगरसेवकालाही विचारा.

चालत राहा, जपून चाला.